बडोद्याहून किब्बरला नेलेले कॅमेरा ट्रॅप: पाच महिने वापरल्यावर

हिमाचलमधल्या स्पितीतल्या किब्बर गावाभोवती मे ते सप्टेंबर हिमबिबट्यासाठी २० कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर काही हललं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावलेले होते. मॉडेल मधल्या किमतीचं: ८ पेन्सिल सेल, ९४० नॅनोमीटरचा न दिसणारा फ्लॅश, ३२ जीबीचं कार्ड. खोक्यावर ‘उणे २० अंशांतही चालतो’ असं ठळक छापलंय. चालत असेलही. उन्हाळ्यात खरा त्रास दिला तो उन्हानं, आणि उन्हाबद्दल खोक्यावर चकार शब्द नाही.

सेन्सरला प्राणी कळत नाही. मागच्या दगडापेक्षा वेगळ्या तापमानाचं काहीतरी हललं, एवढंच त्याला कळतं. ४,२०० मीटरवर हवा गार असते, पण दुपारी काळ्या दगडावर हात ठेववत नाही. दगड जनावराच्या अंगाइतका तापला की समोरून भरल (डोंगरातली रानमेंढी) गेला तरी कॅमेरा ढिम्म. उलट वारा सुटला आणि तापलेलं गवताचं पातं डोललं की लगेच तीन फोटो. एक फोटो साधारण ४ एमबीचा धरला तर कार्डात ८,००० मावतात. लेन्ससमोरचा गवताचा एक झुबका ते आठवड्याच्या आत भरून टाकतो.

म्हणून कॅमेऱ्याचं तोंड उत्तरेला ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवलं तर सकाळ-संध्याकाळचं ऊन थेट सेन्सरवर येतं, आणि हिमबिबट्याच्या हालचालीची वेळही नेमकी तीच. उंची जमिनीपासून ४० ते ४५ सेंमी, पायवाट ३ ते ४ मीटरवर. गवत उपटत बसू नका, अभयारण्य आहे. वाकवून त्यावर सपाट दगड ठेवला की काम होतं. कॅमेऱ्यावर सावलीसाठी चपटा दगड ठेवतात तो बोटभर जरी पुढे आला तरी रात्री फ्लॅश त्यावरच आपटतो. दगड पांढराफेक, मागे सगळा काळोख. दिवसाच्या फोटोत हे लक्षात येत नाही, म्हणून अंधार पडल्यावर एकदा समोरून रांगत जाऊन फोटो तपासावा.

अंगावरच्या ठिपक्यांवरून प्राणी ओळखायचा असेल तर दोन्ही कुशी हव्यात, म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा. अगदी समोरासमोर नको, एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या लेन्समध्ये जातो, हातभर सरकवा. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशाच्या गणनेत ७१८ हिमबिबट्यांचा अंदाज आला, त्यामागे फोटोंवरून ओळखलेले २४१ वेगवेगळे प्राणी होते. त्या दर्जाचे ठिपके या ९४० च्या फ्लॅशमध्ये मिळत नाहीत. चालतं जनावर रात्री पुसट येतं. ओळख पटवणं हाच हेतू असेल तर पांढऱ्या फ्लॅशचं मॉडेल घ्या, महाग पडलं तरी.

सेल. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे आठांचे ९.६, साध्या अल्कलाइनचे १२. त्यामुळे नवे भरलेले सेल घालूनही मीटर अर्धा दिसतो. घाबरू नका, चालतात. जुने-नवे मात्र मिसळू नका. आठातला एक कमकुवत निघाला की सगळा संच आडवा. मार्करनं संचाचे नंबर टाका. चार्जिंगचा हिशोब बडोद्यातच करून निघा: २० कॅमेऱ्यांचे १६० सेल, आठ खाचांचा चार्जर, फेरीला पाच तास, म्हणजे वीज न जाता १०० तास. वीज जातेच. दोन चार्जर आणि सेलचे निदान दहा जादा संच हवेत. सेल बराच वेळ बाहेर राहिले की या मॉडेलचं घड्याळ मूळ तारखेवर जातं. दरवेळी पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा काढून ठेवा, म्हणजे नंतर तारखा दुरुस्त करता येतात.

उन्हाळ्यात गावची शेळ्या-मेंढ्यांची खिल्लारं त्याच वाटांनी वर चरायला जातात. एक कळप गेला की दोन-तीनशे फोटो. याक कॅमेऱ्याला अंग घासतो नि कॅमेरा आभाळाकडे तोंड करून बसतो; पट्ट्याऐवजी खालून जड दगडांचं कोंदण करा. कॅमेरे कुठे आहेत ते गुराख्यांना आधी दाखवून ठेवलेलं बरं.

कॅमेरे लावायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांचं परवानापत्र लागतं, अर्ज काही महिने आधी. मे महिन्यात मनालीकडचा कुंझुम घाट बहुधा बर्फानं बंद असतो, पण उघडा असला तरी शिमला-किन्नौरकडूनच जावं. बडोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम ४० मीटरवर. कल्पा, नाको, काझा असे मुक्काम करत चढलं तर डोकं दुखत नाही, किंवा कमी दुखतं. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, सल्फाची अॅलर्जी असल्यास ती सांगून. किब्बरला पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय तूरडाळ शिजत नाही. भाजणी नि मेतकूट उत्तम टिकतात. भाखरवडीची पाकिटं वर जाता जाता टम्म फुगतात, टाचणीनं भोक पाडून डबाबंद करा.

हवाबंद डब्यांचं परतताना याच्या उलट होतं. किब्बरला बंद केलेला डबा खाली आल्यावर उघडता उघडत नाही, कारण आत वरची विरळ हवा असते. झाकणाच्या रबराखाली चमच्याचं टोक घालून हवा आत घ्या. स्क्रूड्रायव्हर घातलात तर रबर फाटतं आणि पुढच्या मोसमाला तो डबा गेला.