मोफत समुपदेशन, आठ विद्यापीठांची यादी आणि भावाचा एक प्रश्न

माझ्या धाकट्या भावाला भूकंप अभियांत्रिकीत मास्टर्स करायचं होतं. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला त्याने खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या सांध्यांवर प्रकल्प केला आणि त्यानंतर त्याला दुसरं काही सुचेना. आमच्या घरातून परदेशी शिकायला याआधी कुणी गेलेलं नाही. मी त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. फॉर्म भरणं, फोन करणं ही कामं तशीही माझ्याकडेच असतात, त्यामुळे विद्यापीठं शोधण्याचं कामही माझ्याकडेच आलं. आम्ही एका मोठ्या समुपदेशन केंद्रात नाव नोंदवलं. विद्यापीठ निवडण्यापासून व्हिसापर्यंत सगळं मोफत, असं त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, आणि शेवटपर्यंत खरंच एक पैसा मागितला नाही. पाच महिने आम्ही ही सेवा वापरली.

आधी चांगलं सांगते. भावाच्या एसओपीचा, म्हणजे अर्जासोबत द्यायच्या उद्देशपत्राचा, पहिला खर्डा लहानपणापासूनच्या आवडीने सुरू होत होता. केंद्रातल्या समुपदेशक मॅडमनी लाल पेनाने तो अख्खा परिच्छेद खोडला आणि म्हणाल्या, "आवड सगळेच लिहितात. तुझ्या सांध्यांचं काय झालं ते पहिल्या ओळीत आण." या एका वाक्याने त्याचा एसओपी उभा राहिला. एका सरांकडे शिफारसपत्र तीन आठवडे रेंगाळलं होतं, तेव्हा मुदतीच्या तारखा लक्षात ठेवून आमच्या मागे लागणाऱ्या त्याच होत्या. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रिका, किती काढायच्या, बँकेची कागदपत्रं कोणत्या क्रमाने लावायची, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. या कामाला मी डोळे झाकून पाचपैकी पाच देईन.

पण विद्यापीठ निवडीला दोनच.

दुसऱ्या भेटीत त्यांनी एक छापील पान हातात दिलं. आठ विद्यापीठं, सहा रकाने: नाव, देश, जागतिक क्रमांक, वर्षाची फी, इनटेक (प्रवेशाचं सत्र) आणि शेवटच्या रकान्यात 'सेफ', 'मॉडरेट' किंवा 'ॲम्बिशस'. भावाने पान दोनदा वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली आणि विचारलं, "मॅडम, यातल्या कुठल्या विभागात शेक टेबल आहे?" शेक टेबल म्हणजे भूकंपाचे धक्के हुबेहूब देणारा मंच. त्यावर इमारतीचा नमुना उभा करतात आणि हलवून बघतात. भूकंपावर प्रयोग करायचे असतील तर हा पहिलाच प्रश्न पडतो. मॅडम स्क्रीनकडे वळल्या, थोडा वेळ माउस फिरवत राहिल्या आणि म्हणाल्या, "लॅब काय, सगळीकडे असतेच. रँक बघ ना, पहिल्या दोनशेत आहे."

त्या रात्री मी ही रँक नक्की कशाची बनते ते शोधायला बसले. क्यूएस या ब्रिटिश संस्थेच्या जागतिक क्रमवारीत २०२४च्या आवृत्तीपासून ३० टक्के वजन प्राध्यापकांमधल्या नावलौकिकाला आहे आणि १५ टक्के नोकऱ्या देणाऱ्यांमधल्या नावलौकिकाला. दोन्ही गोष्टी सर्वेक्षणातून येतात. म्हणजे जवळजवळ निम्मे गुण लोकांच्या मतावर. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, याला त्याच आवृत्तीत २० टक्क्यांवरून १० वर आणलं. २००३पासून निघणाऱ्या शांघायच्या क्रमवारीत ३० टक्के गुण नोबेल आणि गणितातल्या फील्ड्स पदकांचे आहेत, तिथे शिकून गेलेल्यांना मिळालेली १० टक्के आणि तिथे काम करणाऱ्यांना मिळालेली २० टक्के. सिव्हिल अभियांत्रिकीला नोबेलच नाही. मग त्या आकड्यातून माझ्या भावाच्या विभागाबद्दल काय कळणार? विषयवार क्रमवाऱ्या असतात आणि त्या थोड्या कामाच्या आहेत. पण त्यातही 'सिव्हिल' म्हटलं की रस्ते, पाणी, माती, वाहतूक सगळं एकत्र येतं.

आणि बरेच आकडे विद्यापीठंच पुरवतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. २०२२मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या आकडेवारीवर तिथलेच गणिताचे प्राध्यापक मायकेल थॅडियस यांनी जाहीर आक्षेप घेतला. काही आकडे चुकीचे दिल्याचं विद्यापीठाने पुढे मान्य केलं, आणि दरवर्षी क्रमवारी काढणाऱ्या यूएस न्यूजच्या अमेरिकन यादीत ते दुसऱ्या क्रमांकावरून एकदम अठराव्यावर आलं. त्या वर्षी तिथे शिकणाऱ्या मुलांचे वर्ग, शिक्षक, प्रयोगशाळा काही बदललं नव्हतं.

याउलट भावाच्या विषयात जी नावं वारंवार समोर येत होती, त्यातलं एकही त्या पानावर नव्हतं. सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे २००४पासून उघड्यावरचा प्रचंड शेक टेबल आहे. २०२३मध्ये त्यावर दहा मजली लाकडी इमारत उभी करून हलवली गेली. त्याची चित्रफीत भावाने घरातल्या प्रत्येकाला पकडून पकडून दाखवली. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या कँटरबरी विद्यापीठात रॉबर्ट पार्क आणि थॉमस पॉले यांनी घडवलेली पद्धत आज जगभर वापरतात. इमारतीचा कुठला भाग आधी वाकू द्यायचा आणि कुठला काही झालं तरी तुटू द्यायचा नाही, हे आराखड्यातच ठरवायचं, अशी ती पद्धत. त्याच शहरात २२ फेब्रुवारी २०११च्या भूकंपात १८५ माणसं गेली. ज्या विभागाने आपल्याच शहराच्या पडझडीतून शिकून घेतलं, तिथे शिकणं वेगळं असणार, असं मला मनापासून वाटतं. जर्मनीत वायमारच्या बाउहाउस विद्यापीठात नैसर्गिक आपत्ती आणि संरचना अभियांत्रिकीचा इंग्रजीतून शिकवला जाणारा मास्टर्स आहे. नुसती जागतिक क्रमवारी वरून खाली वाचत गेलं असतं, तर वायमारपर्यंत आम्ही कधी पोहोचलोच नसतो.

तरी मॅडमच्या यादीवर अन्याय नको म्हणून आम्ही त्यातलं सगळ्यात वरचं विद्यापीठ नीट तपासलं. त्यांच्या माहितीपुस्तिकेत संरचना शाखेचे चौदा विषय होते, त्यात 'भूकंपरोधक आराखडा' हाही होता आणि भावाने एसओपीचा शेवट त्याच विषयावर बेतला होता. पुस्तिका बाजूला ठेवून आम्ही विद्यापीठाचं वेळापत्रक उघडलं. कोणत्या सत्रात कोणता विषय, कोण शिकवणार, खोली कुठली, हे त्यात असतं आणि बऱ्याच विद्यापीठांचं ते कुणालाही बघता येतं. मागच्या तीन वर्षांची सहा सत्रं आम्ही एकेक करून पाहिली. तो विषय एकदाच शिकवला गेला होता. शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या नावापुढे विभागाच्या पानावर 'एमेरिटस' होतं, म्हणजे ते निवृत्त झालेले. भाऊ काहीच बोलला नाही. नुसता पेन्सिलने त्या नावावर रेघ मारत राहिला.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट हे वेळापत्रकच. पुस्तिकेत विद्यापीठ काय म्हणतं ते असतं, वेळापत्रकात विद्यापीठ काय करतं ते. पीएचडीचा विचार असेल तर त्याच्या जोडीला अजून एक तपासावं, मास्टर्सला प्रबंधाचा पर्याय आहे की नुसते विषय आणि शेवटी एक प्रकल्प. आमच्या पानावरच्या आठांपैकी तीन ठिकाणी प्रबंध नव्हताच.

तिसऱ्या भेटीत मी सरळ विचारलं, "मॅडम, या विद्यापीठांकडून केंद्राला कमिशन मिळतं का?" त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "आठपैकी सातांकडून मिळतं," म्हणाल्या. पहिल्या वर्षाच्या फीमधला ठरावीक हिस्सा. मोफत सेवा चालते ती यावर. मला त्यांचा राग आला नाही, त्या खरं बोलल्या. पण मग यादीत एकही जर्मन विद्यापीठ का नव्हतं ते कळलं. जिथे फीच नाही तिथे फीतला हिस्सा कुठून येणार? अमेरिकेत तर १९९२पासून कायदाच आहे की सरकारी मदत घेणाऱ्या विद्यापीठांनी विद्यार्थी आणून देण्यामागे असं कमिशन द्यायचं नाही. परदेशात राहणारे परदेशी विद्यार्थी मात्र त्या कायद्यातून वगळलेले आहेत. म्हणजे तिथल्या मुलांना जे संरक्षण आहे ते आपल्याला नाही. पहिल्याच भेटीत हे सांगणं केंद्राचं काम होतं असं मला वाटतं, आणि मी केंद्राचे गुण कापले ते इथे.

मग आम्ही सार्वजनिक साधनांकडे वळलो. जर्मनीसाठी डीएएडी या तिथल्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा अभ्यासक्रमांचा कोश उत्तम आहे. भाषा, फी, मुदत सगळं गाळून बघता येतं. 'जर्मनीत सगळं फुकट' हे मात्र आता पूर्ण खरं नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना २०१७च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४च्या हिवाळी सत्रापासून नव्याने येणाऱ्यांना फी लावली. बरीच विद्यापीठं अर्ज युनी-असिस्ट या अर्ज तपासणाऱ्या सामाईक संस्थेमार्फत घेतात. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३० युरो पडतात, म्हणून आधी विचार करून मगच अर्ज वाढवावेत.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याचं कॉलेज स्कोअरकार्ड पाहून मी आधी हरखून गेले होते. कोणत्या शाखेतून बाहेर पडणाऱ्यांना किती पगार मिळतो ते त्यात दिसतं. पण तो पगार सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचा आहे आणि व्हिसावर आलेल्यांना ती मदत मिळत नाही, म्हणजे भावासारखी मुलं त्या आकड्यात नाहीतच. किती मुलं पदवी पूर्ण करतात, हे बघायला ते ठीक. ब्रिटनचं डिस्कव्हर युनी छान आहे, शेवटच्या वर्षाच्या मुलांची मतं आणि पदवीनंतर पंधरा महिन्यांनी ती काय करत आहेत हे त्यात कळतं. पण ते पदवी अभ्यासक्रमांपुरतं आहे, मास्टर्सवाल्यांना उपयोग नाही.

परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असलेल्या संस्थांच्या सरकारी नोंदवह्या मात्र प्रत्येकाने बघाव्यातच. ऑस्ट्रेलियात क्रिकोस, कॅनडात डीएलआयची यादी, अमेरिकेत एसईव्हीपीची यादी आणि शिक्षण खात्याची मान्यताप्राप्त संस्थांची यादी. कॅनडात संस्था डीएलआय असली म्हणजे तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमानंतर वर्क परमिट मिळतंच असं नाही, ते वेगळं तपासावं लागतं. आणि नुसत्या यादीवरही थांबू नये. २०११मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्राय-व्हॅली विद्यापीठावर धाड पडली, तेव्हा शेकडो मुलं अडकली. २०१९मध्ये उघड झालेलं मिशिगनचं फार्मिंग्टन विद्यापीठ तर तपास यंत्रणेनेच सापळा म्हणून उभं केलं होतं. त्याचं नाव यादीत होतं, पण वर्ग आणि शिक्षक नव्हते. इथेही शिक्षकांची नावं आणि वेळापत्रक शोधायला गेलं असतं तर हाती काहीच लागलं नसतं, आणि त्यावरूनच शहाणं होता आलं असतं.

एक गोष्ट भावाला लागू नव्हती, पण मावसबहिणीमुळे कळली. तिला अमेरिकेत अर्थशास्त्र करायचं आहे. तिथे प्रत्येक अभ्यासक्रमाला सीआयपी नावाचा सरकारी क्रमांक असतो. साधं अर्थशास्त्र ४५.०६०१, अर्थमिती आणि संख्यात्मक अर्थशास्त्र ४५.०६०३. दुसरा स्टेममध्ये, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या गटात, मोडतो, पहिला नाही. शिक्षणानंतरच्या बारा महिन्यांच्या ओपीटीला, म्हणजे तिथे काम करायच्या परवानगीला, पुढे चोवीस महिन्यांची वाढ मिळणार की नाही, हे त्या क्रमांकावर ठरतं. दोन विद्यापीठांत पदवीचं नाव एकच असतं आणि क्रमांक वेगळा असू शकतो. विभागाला ईमेल करून विचारलं की ते सांगतात.

शेवटी भावाने चारच ठिकाणी अर्ज केले. त्याआधी चारही विभागांतल्या एकेका प्राध्यापकाला त्याने आपल्या सांध्यांच्या प्रकल्पातलं एक चित्र पाठवलं आणि खाली एकच प्रश्न विचारला. दोघांचं उत्तर आलं. एकाने तीन ओळीच लिहिल्या, पण त्यातली एक ओळ अशी होती की त्या चित्रातली पोलादी कडी चुकीच्या जागी आहे. रात्री अकरा वाजता भाऊ ते वाचून दाखवायला माझ्या खोलीत आला. "ताई, यांनी खरंच बघितलंय गं!" तिथूनच ॲडमिट आलं आणि तो तिकडेच चाललाय. ते विद्यापीठ मॅडमच्या पानावर नव्हतं, तरीही व्हिसाची फाईल त्यांनीच लावून दिली, तितक्याच आपुलकीने.

मावसबहिणीला मी परवा त्याच केंद्रात पाठवलं. एसओपी त्यांना दाखव, कागदपत्रं त्यांच्याकडून तपासून घे, पण विद्यापीठांची यादी तू घरून घेऊन जा, असं सांगून.