हॉब्सनच्या तबेल्यात ना आड, ना विहीर

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातून गेल्या आठवड्यात इंग्रजी वाक्प्रचारांचा एक इंग्रजी-मराठी खिसाकोश आणला आणि कोणताही नवा कोश हाती आला की करतो त्याप्रमाणे आधी ‘हॉब्सन्स चॉइस’ काढून पाहिले. अर्थ दिला होता, ‘इकडे आड, तिकडे विहीर’. ही चूक इंग्रजी बोलणारेही करतात. कोशाने मात्र ती करायला नको होती.

आड आणि विहीर हे निदान दोन पर्याय आहेत. हॉब्सनकडे एकच पर्याय असे, आणि तो नको असेल तर रिकाम्या हाताने परतावे लागे. टॉमस हॉब्सन (१५४४–१६३१) केंब्रिज-लंडन मार्गावर मालाची ने-आण करी आणि घोडे भाड्याने देई. त्याच्या तबेल्यात चाळीसेक घोडे होते, पण विद्यापीठातले तरुण नेहमी चपळ घोडेच मागत व इतके दामटत की तीच मोजकी जनावरे थकून जात. म्हणून दाराजवळ उभा असलेला घोडाच घ्यायचा, असा नियम त्याने केला. १७१२ साली ‘स्पेक्टेटर’ या इंग्रजी नियतकालिकाने ही हकीकत छापली. कोशात तिचा एका ओळीनेही उल्लेख नाही, आणि चुकीचे मूळ इथेच आहे, कारण तबेला डोळ्यांसमोर आला की विहीर आपोआप बाजूला पडते.

मी गेलो तेव्हा त्या दुकानात या आकाराचा हा एकच कोश उरला होता. घ्यायचा तर हाच, नाही तर नाही: या अवस्थेला हॉब्सन्स चॉइस म्हणतात. ‘अडला हरी’ही इथे बसत नाही, त्यात गरजेपोटी पत्करलेली लाचारी आहे, निवडीचा अभाव नव्हे. तयार म्हण नसेल तेथे ‘नावापुरती निवड’ असे साधे लिहिणे बरे.

बाकी छपाई स्वच्छ आहे, बांधणी टिकाऊ वाटते, आणि ‘व्हाइट एलिफंट’पुढे पोसायला जड जाणारा आपला ‘पांढरा हत्ती’ नेमका आला आहे. तरीही स्पर्धा परीक्षेसाठी पाठांतर करणाऱ्याने फक्त याच कोशावर विसंबू नये. चार पर्यायांत ‘द्विधा अवस्था’ आणि ‘निवडीला वावच नसणे’ हे दोन्ही असतील, तर या कोशाच्या भरवशावर गुण हमखास जाईल. माझ्या प्रतीत मी पेन्सिलीने विहीर खोडून घोडा लिहिला आहे.