बोलून कथा लिहायला लागले त्याला ८ महिने झाले

आधीच सांगते, मी टेक्निकल माणूस नाही. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात कथा, वय २७, आतापर्यंत छापून आलेल्या कथा मोजून पाच. त्यामुळे हा अनुभव व्हॉइस टायपिंगचा असला तरी मेल आणि मेसेज बोलून पाठवणाऱ्यांच्या फारसा कामाचा नाही, ज्यांना गोष्ट लिहायचीय त्यांच्यासाठी आहे.

सुरुवात काही हौसेने झाली नाही. दिवसभर ऑफिसात कीबोर्ड, रात्री घरी परत कीबोर्ड, उजवं मनगट इतकं धरलं की दाराची कडी लावताना कळ यायची. डॉक्टर म्हणाले टायपिंग कमी करा. आता दिवसाचं कमी केलं तर पगार जातो, म्हणजे राहिलं रात्रीचं, म्हणजे लिहिणंच. तेव्हा फोनच्या कीबोर्डवरचा तो माइक, जो चुकून दाबला जातो म्हणून मी तोवर त्याला शिव्याच घालत होते, तो मुद्दाम दाबला आणि अर्धवट पडलेल्या कथेचा पुढचा प्रसंग बोलायला लागले.

पहिले दोन महिने वैतागात गेले. "एक बाई होती" म्हटलं की "१ बाई होती". "दोन दोन वेळा विचारलं" म्हटलं तर "२२ वेळा विचारलं". "ती तर गेली" चं "तीतर गेली", म्हणजे पक्षीच उडाला. "पूर्णविराम" म्हटलं की पूर्णविराम हा शब्द अक्षरी लिहून मोकळं. एकदा मी बोलले "ती रडली नाही" आणि स्क्रीनवर आलं "ती लढली नाही", आणि ते मी आठवडाभर तसंच ठेवलं कारण मला वाटलं व्वा, याला माझ्यापेक्षा जास्त कळलंय. मग काढलं. ती बाई रडली नव्हती, एवढंच सांगायचं होतं मला.

यापेक्षा जास्त त्रास "केलं" चा. मी "केलं, गेलं, सांगितलं" म्हणायचे आणि ते बऱ्याचदा "केले, गेले, सांगितले" लिहायचं. निवेदनात चालून जातं एकवेळ, पण आजी नातवाला दम देतेय आणि "मी तुला सांगितले होते" म्हणतेय, हे परिपत्रक झालं ना. शुद्धलेखनाचे नियमसुद्धा पात्राच्या तोंडी बोलीतलं रूप चालवून घेतात, फोन नाही घेत. म्हणजे १२ मिनिटं बोलायचं आणि तासभर अनुस्वार देत बसायचं, मनगट पुन्हा कामाला.

आणि थांबायची सोय नाही. जरा विचार करायला थांबलं की माइक बंद. व्यास-गणपतीची गोष्ट आहे ना, गणपतीची अट अशी की माझी लेखणी थांबता कामा नये, आणि व्यासांची उलट अट की अर्थ कळल्याशिवाय लिहायचं नाही. आमच्या फोनने गणपतीची अट तेवढी ठेवलीय, व्यासांची सोडून दिली. माइक बंद पडू नये म्हणून मी "आणि मग... आणि मग..." करत राहायचे आणि त्या काळातल्या मजकुरात दर तिसरं वाक्य "आणि मग" ने सुरू होतं, अजून सापडतात मध्ये मध्ये.

तिसऱ्या महिन्यात मी थेट टाइप करून घेणं जवळपास सोडलं. आता साध्या रेकॉर्डरवर बोलते, गच्चीवर फेऱ्या मारत, थांबायचं तेव्हा थांबते, चुकलं की परत म्हणते. दुसऱ्या दिवशी ऐकते आणि जे ठेवायचं तेवढंच उतरवते, त्यातले लांब तुकडे परत फोनला बोलून दाखवते म्हणजे बोटांना कमी काम. जास्त खटपट वाटते पण होत नाही, कारण उतरवतानाच निम्मं गळतं. मागच्या कथेचं सांगते, एकूण ९,००० च्या आसपास शब्द बोलले असेन, कथेत राहिले २,६००.

आता मुख्य गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहितेय.

साधारण दीड वर्षापूर्वी एका संपादकांनी माझी कथा परत पाठवली होती, सोबत एकच ओळ, की तुमची सगळी पात्रं एकाच आवाजात बोलतात. मला राग आला होता खूप. कारण मी तर प्रत्येकाला वेगळा स्वभाव दिला होता, बाप तिरसट, मुलगी हळवी, शेजारी लबाड, सगळं वहीत लिहून ठेवलेलं. मग गच्चीवर तीच कथा मोठ्याने बोलायला गेले आणि दुसऱ्या दिवशी ऐकली तर खरंच की, तिरसट बापसुद्धा वाक्य पूर्ण करून, क्रियापद शेवटी व्यवस्थित ठेवून बोलतोय. "मी तुझी पुस्तकं त्या कपाटात ठेवली आहेत." असं कोण बोलतं घरात? माणूस म्हणतो "ठेवलीत तिथे, कपाटात, तुझी ती पुस्तकं." क्रियापद आधी टाकतो, बाकीचं आठवेल तसं मागून लावतो. लेखी मराठीत आपण ते उलटं करून नीट बसवतो आणि बसवता बसवता माणूस निघून जातो.

त्यानंतर मी एक खेळ सुरू केला, एका पात्राचं सगळं बोलणं एका फेरीत, दुसऱ्याचं दुसऱ्या दिवशी. बापाचं बोलताना लक्षात आलं की या माणसाला एका दमात चार-पाच शब्दांच्या वर जमतच नाही, दम लागतो म्हणून नव्हे, त्याला ऐकून घ्यायची सवय असलेली माणसं आहेत घरात म्हणून. हे मला टाइप करताना सहा महिने सुचलं नव्हतं. मुलगी प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ना" लावते, आणि ज्या वाक्याला लावत नाही ते वाक्य कथेत कुठे यायला हवं ते मला तिथेच कळलं. ती कथा परत लिहून दुसऱ्या ठिकाणी पाठवली, त्यांनी घेतली. पहिल्या संपादकांवरचा राग अजून थोडा आहे, पण ते बरोबर होते.

निवेदनासाठी मात्र हे अजिबात वापरू नका असं म्हणेन. बोलून केलेलं वर्णन पसरट होतं, आपण समोरच्याला समजावून सांगायला लागतो, "म्हणजे कसं, ती खोली अशी होती की" वगैरे. अमेरिकन कादंबरीकार हेन्री जेम्सचं मनगट दुखायला लागलं तेव्हा, १८९७ च्या सुमारास, तो टायपिस्टला सांगून लिहायला लागला आणि त्यानंतर त्याची वाक्यं लांबत गेली असं अभ्यासक म्हणतात. त्याला ते शोभलं. माझी लांबलेली वाक्यं मी ऐकली आहेत, नको. शांत प्रसंग, वस्तू, कोण कुठे बसलंय, उजेड कसा आहे, हे सगळं मी अजून टाइपच करते किंवा हाताने लिहिते, हळूहळू, मनगटाला जपत.

अजून एक, काही न ठरवता बोलायला गेलात तर नुसती बडबड होते. रशियन लेखक दोस्तोयेव्हस्कीने १८६६ मध्ये २६ दिवसांत अख्खी कादंबरी स्टेनोग्राफरला सांगून पूर्ण केली, हे उदाहरण सगळे देतात (मुदत चुकली असती तर पुढची ९ वर्षं त्याच्या पुस्तकांचे हक्क प्रकाशकाकडे जाणार होते, म्हणजे त्याला मनगटापेक्षा मोठं कारण होतं), पण तो रात्री टिपणं काढून ठेवायचा आणि दिवसा त्यावरून सांगायचा हे कोणी सांगत नाही. मीही आता निघायच्या आधी चिठ्ठीवर तीन ओळी लिहिते, कोण आहे, काय हवंय, काय बोलणार नाहीये. तिसरी ओळ सगळ्यात कामाची.

स्वतःचा आवाज ऐकवत नाही ही तक्रार सगळ्यांची असते, माझीही होती. बोलताना आपला आवाज हाडांमधूनही कानापर्यंत पोचतो म्हणून आपल्याला तो जरा भरदार वाटतो, रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला असतो म्हणून पातळ. दोन आठवड्यांत सवय होते. मी दीडपट वेगाने ऐकते, त्याने लाजही कमी वाटते आणि वेळही वाचतो.

घरच्यांचं काय, तर पहिल्या आठवड्यात आई गच्चीवर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "कोणाशी भांडतेयस गं एवढं?" मी नवरा-बायकोचा प्रसंग करत होते, दोन्ही बाजूंनी. तिला समजावलं तर म्हणाली मग बायकोला जरा जोरात बोलू दे की. (दिलं.) शेजाऱ्यांसाठी उपाय म्हणजे कानात इअरफोन घालायचे, मग सगळ्यांना वाटतं फोन चालू आहे. आता बिल्डिंगमध्ये माझं काहीतरी चालू आहे असा समज आहे आणि तो मी मोडत नाही, कारण वेडी समजण्यापेक्षा बरा.

बारीकसारीक गोष्टी. माइक तोंडासमोर धरू नका, गालाच्या बाजूला ठेवा, नाहीतर प्रत्येक "प" आणि "भ" ला फटाका वाजतो. वारा असेल तर आत या. फाइलला लगेच नाव द्या, तारीख आणि पात्र, माझ्याकडे "नवीन रेकॉर्डिंग ४७" अशा नावाच्या इतक्या फाइल्स आहेत की त्यात काय आहे ते शोधण्यापेक्षा नवीन कथा सुचणं सोपं. बॅकअप घ्या, मी घेतला नव्हता आणि फोन पाण्यात पडला तेव्हा नऊ फाइल्स गेल्या, त्यातला एक प्रसंग मी नंतर तीनदा बोलून पाहिला, तसा येत नाही. आणि व्हॉइस टायपिंग वापरत असाल तर फोनमध्ये ऑफलाइन भाषा डाउनलोड करायची सोय आहे का बघा, नाहीतर आवाज बहुतेक वेळा बाहेर सर्व्हरवर जातो. छापून न आलेली कथा कुठे कुठे फिरते याचा विचार मी उशिरा केला.

स्टार द्यायचे तर संवादांना पाचपैकी पाच, निवेदनाला दीड, मनगटाला तीन. मनगट पूर्ण बरं नाही झालेलं पण कडी लावता येते.

वेग वाढतो का असं मैत्रीण विचारत होती. नाही. आधी महिन्याला जेवढं व्हायचं साधारण तेवढंच होतं, फक्त आता फेकून देण्यासारखं आधीच फेकलेलं असतं. आणि दिवसाची चाळीस मिनिटं चालणं होतं, ते वेगळं.

सध्या जी कथा चालू आहे त्यात मुख्य बाई जवळजवळ बोलतच नाही. पाच दिवस गच्चीवर जाऊन आले, रेकॉर्डिंगमध्ये नुसता चपलांचा आवाज आहे. तिचे भाग टाइप करतेय, मनगटाला पट्टा लावून, रोज वीस मिनिटं.