नेटवर्क उपकरणांच्या लॉगची आरसिसलॉगने केलेली विभागणी : सात महिन्यांच्या वापरानंतर

सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, एका टॉवेल कारखान्याचे नेटवर्क मी सांभाळतो. आमच्या उबुंटू सर्व्हरवर लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, गोळा करण्याचे काम आरसिसलॉग हा प्रोग्राम करतो. तेथे पूर्वी स्विच, राउटर आणि फायरवॉल यांचे लॉग सर्व्हरच्या स्वतःच्या नोंदींसह एकाच फाइलमध्ये साठत असत. रात्रपाळीत एखाद्या शेडची जोडणी तुटली, की सकाळी त्या शेडच्या स्विचची ओळ हजारो ओळींतून शोधावी लागे.

प्रथम मी फॅसिलिटीनुसार, म्हणजे प्रत्येक संदेशावर असणाऱ्या प्रकाराच्या खुणेनुसार, विभागणी केली. ती टिकली नाही, कारण लोकल० ते लोकल७ अशा आठच फॅसिलिटी आपल्या हाती असतात आणि सिस्कोचे स्विच मुळातच लोकल७ वापरत असल्याने ते सगळे पुन्हा एकत्रच आले. अखेर हे संदेश ज्यावर येतात, त्या यूडीपीच्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टला स्वतंत्र रूलसेट (नियमांचा संच) जोडला आणि पाठवणाऱ्याच्या आयपी पत्त्यानुसार प्रत्येक उपकरणाची फाइल वेगळी केली. बाहेरून आलेला संदेश आता सर्व्हरच्या मुख्य नियमांपर्यंत जातच नाही. संदेशातील होस्टनेमवर (उपकरणाच्या नावावर) मी विसंबलो नाही, कारण जुन्या पद्धतीच्या संदेशांत काही उपकरणे ते लिहीतच नाहीत आणि मग भलत्याच शब्दाच्या नावाने फाइल तयार होते.

दोन गोष्टींनी बराच वेळ खाल्ला. अनेक व्हीलॅन (एकाच स्विचवरील वेगवेगळी आभासी नेटवर्क) असलेला स्विच कधी एका, तर कधी दुसऱ्या पत्त्यावरून संदेश पाठवी. स्विचवरच सोर्स इंटरफेस (संदेश कोणत्या पत्त्यावरून जावा ते) ठरवून दिल्यावर ते थांबले. दुसरे म्हणजे आरसिसलॉग अशा बदलत्या नावाच्या फाइल एका वेळी दहाच उघड्या ठेवतो. आमची उपकरणे चौतीस असल्याने फाइलींची उघडझाप सतत चाले, म्हणून ती मर्यादा पन्नासवर नेली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवायचे असल्याने जुन्या फाइली हटवणाऱ्या लॉगरोटेट प्रोग्रामची मुदतही तशीच ठेवली आहे.

चिंचोळीच्या गोदामाची अडचण मात्र कायम आहे. तेथील उपकरणे नॅटमागे (अनेक उपकरणांना बाहेर एकच पत्ता देणाऱ्या व्यवस्थेमागे) असल्याने सर्वांचा पत्ता एकच दिसतो आणि तेवढ्यापुरती ही पद्धत अपुरी पडते.

तरीही मी हीच पद्धत सुचवीन, आणि त्याचे कारण एप्रिलमध्ये मिळाले. लूमशेडमधील स्विचच्या फाइलीत रोज दुपारी तापमानाचे इशारे दिसू लागले. कपाट उघडले, तेव्हा पंख्याच्या जाळीवर सुताच्या तंतूंचा जाड थर बसलेला होता. विभागणीपूर्वीच्या जुन्या एकत्र फाइली काढून पाहिल्या, तर तेच इशारे आदल्या उन्हाळ्यातही येऊन गेले होते.