जड सेडान, मोठा टॉर्क आणि झेडएफचा आठ गिअरचा गिअरबॉक्स

दोन टनांच्या आसपास वजन आणि पाचशे न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्क (इंजिनाचा पिळण्याचा जोर) असलेली सेडान घेताना बहुतेक जण इंजिनाची चौकशी करतात, आतील सजावट पाहतात आणि मागच्या सीटवर पाय लांब करून बघतात. गिअरबॉक्सविषयी मात्र ‘ऑटोमॅटिक आहे ना’ एवढाच प्रश्न विचारला जातो. वास्तविक अशा गाडीत सर्वाधिक ताण सोसणारा आणि बिघडल्यास सर्वाधिक खर्चात टाकणारा भाग तोच असतो. म्हणून हा आढावा एखाद्या गाडीचा नसून तिच्यातील गिअरबॉक्सचा, म्हणजे जर्मनीच्या झेडएफ कंपनीच्या ‘८एचपी’ या आठ गिअरच्या ऑटोमॅटिकचा आहे.

हा गिअरबॉक्स २००९ मध्ये प्रथम बीएमडब्ल्यूच्या ७६०एलआय या बारा सिलिंडरच्या, ५४४ अश्वशक्ती आणि ७५० न्यूटन-मीटर टॉर्कच्या सेडानमध्ये आला, म्हणजे त्याची सुरुवातच सर्वांत अवघड परीक्षेने झाली. पुढे तो रोल्स-रॉइस घोस्टमध्ये बसला आणि ७०७ अश्वशक्तीच्या डॉज चार्जर हेलकॅटमध्येही बसला. या चार्जरचे वजन दोन टनांहून अधिक आणि टॉर्क सुमारे ८८० न्यूटन-मीटर, आणि तिला दुसरा कोणताही गिअरबॉक्स दिलाच गेला नाही. पहिल्या पिढीतील नावांमधला आकडा साधारणपणे किती टॉर्कसाठी ती आवृत्ती बांधली आहे हे सांगतो: ८एचपी४५ साडेचारशे, ८एचपी७० सातशे आणि ८एचपी९० नऊशे न्यूटन-मीटरच्या घरातील इंजिनांसाठी.

तुलनेसाठी बीएमडब्ल्यूची ७३०एलडी ही गाडी फार उपयोगी पडते, कारण एकाच बांध्याच्या या गाडीत २०१२ च्या फेरबदलापूर्वी झेडएफचाच सहा गिअरचा ६एचपी होता आणि फेरबदलानंतर आठ गिअरचा आला. मी दोन्ही चालवल्या आहेत. इंजिन दोन्हींत तीन लिटर डिझेलच आहे आणि टॉर्क ५४० वरून ५६० झाला एवढाच फरक कागदावर दिसतो, परंतु रस्त्यावर त्या दोन वेगळ्या गाड्या वाटतात. जुन्या गाडीत पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना इंजिनाचे फेरे एकदम खाली येतात, कारण पहिल्या गिअरचे गुणोत्तर ४.१७ आणि दुसऱ्याचे २.३४ आहे. नव्या गाडीत हीच पायरी ४.७१ वरून ३.१४ अशी आहे. उडी लहान असल्यामुळे बदल जाणवत नाही, आणि याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक बदलाच्या वेळी क्लच प्लेटांना (एकमेकींवर दाबल्या जाणाऱ्या घर्षणाच्या चकत्यांना) शोषावी लागणारी ऊर्जा कमी होते. जड गाडीत ही गोष्ट केवळ आरामाची राहत नाही, ती थेट प्लेटांच्या आयुष्याशी निगडित असते.

आतील रचनेतही असाच विचार दिसतो. ८एचपीमध्ये चार प्लॅनेटरी गिअरसंच (मधल्या चाकाभोवती लहान चाके फिरणारे) असून ते चालवणारे घटक फक्त पाच, म्हणजे दोन ब्रेक आणि तीन क्लच, आहेत. कोणत्याही गिअरमध्ये त्यांपैकी तीन बंद, म्हणजे प्लेटा घट्ट दाबलेले, आणि केवळ दोन उघडे, म्हणजे प्लेटा मोकळ्या असलेले, असतात. ६एचपीमध्येही घटक पाचच होते, पण तेथे तीन उघडे राहत आणि तेलात फिरत असलेल्या त्या उघड्या प्लेटांचे घर्षण इंधन खात असे व उष्णताही वाढवीत असे. इंजिनाचा जोर तेलाच्या प्रवाहातून गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरचा लॉक-अप क्लचही येथे गाडी हलू लागताच फार लवकर बंद होतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खोपोलीहून खंडाळ्याकडे चढताना हे स्पष्ट जाणवते: पाच माणसे आणि भरलेली डिकी असूनही गिअरबॉक्स एका गिअरवरून दुसऱ्यावर उगाच खालीवर होत नाही, आणि पुढच्या ट्रकला ओलांडण्यासाठी पॅडल दाबताच तो एकेक पायरी न उतरता आवश्यक त्या गिअरवर थेट येतो. आठव्यावरून दुसऱ्यावर थेट येण्याची क्षमता त्याच्यात मुळातच ठेवलेली आहे.

दुहेरी क्लचचे (सम आणि विषम गिअरांसाठी वेगळा क्लच असलेले) गिअरबॉक्स अधिक वेगवान असतात हा समज एके काळी खरा होता. परंतु बीएमडब्ल्यूनेच २०१७ मध्ये जाहीर केलेल्या एम५ सेडानमध्ये आधीचा सात गिअरचा दुहेरी क्लच सोडून ६०० अश्वशक्ती आणि ७५० न्यूटन-मीटरसाठी टॉर्क कन्व्हर्टर असलेला आठ गिअरचा गिअरबॉक्स स्वीकारला, आणि २०२४ च्या सुमारे २.४ टनांच्या विद्युत-जोड (प्लग-इन हायब्रिड) एम५ मध्येही गिअर आठच आहेत. जड गाडी गर्दीत इंच-इंच सरकवताना दुहेरी क्लचला प्लेटा घासून चालावे लागते. कन्व्हर्टरमध्ये तेच काम तेल करते. आपल्याकडच्या शहरी वाहतुकीत यापेक्षा मोठा युक्तिवाद मला सापडत नाही.

गिअरांची संख्या वाढली म्हणजे मजबुती वाढली असे मात्र कोणी समजू नये. मर्सिडीजने सात गिअरचा गिअरबॉक्स २००३ मध्ये आणला, तरीही एस६५ एएमजीच्या बारा सिलिंडर इंजिनाचा १००० न्यूटन-मीटर टॉर्क पेलण्यासाठी तिने पुढेही कित्येक वर्षे १९९६ चा पाच गिअरचाच गिअरबॉक्स वापरला, आणि तोसुद्धा इंजिनाचा टॉर्क इलेक्ट्रॉनिक पद्धतीने त्या आकड्यावर रोखून धरून. त्या पाच गिअरच्या गिअरबॉक्सचे दुखणेही प्लेटांपेक्षा इतरत्रच अधिक होते: वायरींच्या जोडणीतून झिरपणारे तेल आणि गतिसंवेदक असलेली कंडक्टर प्लेट. लोखंड टिकते, सील, सेन्सर आणि तेल आधी थकतात.

८एचपीचेही तसेच आहे, आणि याच ठिकाणी माझी मुख्य तक्रार आहे. अनेक गाडी उत्पादकांनी यातील तेल ‘आयुष्यभरासाठी’ असल्याचे सांगितले, तर गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः वापरानुसार ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा फार तर आठ वर्षांनी तेल बदलण्यास सांगते. ज्याने वस्तू घडवली त्याचे ऐकावे हे सरळ आहे. पुण्यात हिंजवडीची संध्याकाळची कोंडी आणि मे महिन्याचे ऊन एकत्र आले की कन्व्हर्टर दीर्घकाळ लॉक न होता घसरत राहतो, तेल तापते, काळवंडते आणि त्याचे घर्षणाचे गुण बदलतात. मग थांबताना तिसऱ्यावरून दुसऱ्यावर आणि दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना झटके बसू लागतात, किंवा हलक्या पॅडलवर स्थिर वेगाने जाताना रस्ता खडबडीत असल्यासारखी थरथर जाणवते. अशा वेळी गिअरबॉक्स गेला असे सांगून पूर्ण बदलण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, हे मला अत्यंत अन्यायकारक वाटते. आधी तेल, फिल्टर आणि त्यानंतर अ‍ॅडॅप्टेशन (गिअरबॉक्सच्या संगणकाने साठवलेली क्लचच्या दाबाची जुळवणी) पुन्हा शिकवणे एवढे करून पाहणे हा मालकाचा हक्क आहे.

हे काम सोपे आहे असे मात्र नाही. प्लास्टिकच्या ऑइल पॅनमध्येच फिल्टर बसवलेला असल्याने पॅन संपूर्ण बदलावा लागतो, आणि बोल्ट ठरावीक क्रमाने व ठरावीक जोराने आवळले नाहीत तर तो गळू लागतो. तेलाची पातळी पाहायला डिपस्टिक नाही. गाडी उचलून सपाट ठेवायची, इंजिन चालू ठेवून सगळे गिअर एकदा फिरवायचे आणि तेलाचे तापमान ३० ते ५० अंशांच्या दरम्यान असतानाच भरणीच्या भोकातून पातळी जुळवायची, अशी पद्धत आहे. तापमान स्कॅनरवर न पाहता अंदाजाने तेल भरणाऱ्या गॅरेजात ही गाडी देऊ नये. तेलही झेडएफचे लाइफगार्ड ८ किंवा त्याच मान्यतेचेच हवे.

इंजिनाचा रीमॅप करणाऱ्यांसाठीही, म्हणजे त्याच्या संगणकातील आज्ञावली बदलून जोर वाढवणाऱ्यांसाठीही, एक सूचना आवश्यक आहे. गिअरबॉक्सचा संगणक इंजिनाने कळवलेल्या टॉर्कवरून क्लचवरील दाब ठरवतो आणि गिअर बदलताना क्षणभर इंजिनाला टॉर्क कमी करायला लावतो. इंजिनाचा टॉर्क वाढवून कळवलेला आकडा मात्र जुनाच ठेवला, तर दाब अपुरा पडतो आणि प्लेटा घसरून जळतात. ८एचपी७० मध्ये ५६० न्यूटन-मीटरवर शिल्लक बरीच आहे, पण ती अशा रीतीने उधळण्यासाठी नव्हे.

जुनी गाडी पाहायला जाताना विक्रेत्याला इंजिन आधी सुरू करून ठेवू देऊ नका. थंड गाडीत डी आणि आर टाकून प्रतिसाद किती विलंबाने येतो ते पाहा, नंतर अर्धा तास गर्दीत चालवून गरम तेलावर थांबतानाचे गिअर तपासा, पॅनच्या कडा टॉर्चने पाहा आणि तेलबदलाचे बिल मागा. लाखभर किलोमीटर झालेल्या गाडीचे असे बिल नसेल, तर तेल, पॅन आणि मजुरीचा खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करूनच बोलणी सुरू करावी. एकाच किमतीत ६एचपीची कमी चाललेली आणि ८एचपीची थोडी अधिक चाललेली ७३०एलडी समोर असेल, तर मी ८एचपीचीच घेईन.