जुना पीसी: चालू असताना काय जोडावं, काय नाही

दुकानात बिलिंगला जुना पीसी आहे, की-बोर्ड मेला, नवा आणलाय आणि मशीन चालू आहे. लगेच लावायचा की आधी बंद करायचं? ते मशीन किती जुनं यावर नाही, मागचं सॉकेट कोणतं यावर ठरतं.

यूएसबी असेल तर बिनधास्त लावा. की-बोर्डच्या यूएसबी प्लगच्या तोंडात डोकावलंत तर कडेच्या दोन पट्ट्या मधल्या दोघींपेक्षा जरा पुढे आलेल्या दिसतील. वीज आणि ग्राउंड आधी जुळावेत, डेटा नंतर, म्हणून ही सोय.

गोल पीएस/२ सॉकेटमध्ये (जांभळं की-बोर्डचं, हिरवं माऊसचं) तशी काहीच सोय नाही. आयबीएमने 1987 साली ते आणलं तेव्हा चालू मशीनवर काढ-घाल करायची कल्पनाच नव्हती. पिन तिरकी घुसली की 5 व्होल्टची लाइन भलतीकडे टेकू शकते. मग मदरबोर्डवरचा फ्यूज उडतो, कधी कंट्रोलरही जातो. बहुतेक वेळा काहीच होत नाही, हे खरं. म्हणून तर ‘मी कायम असंच करतो’ म्हणणारे भेटतात. पण चालू मशीनवर लावलेला माऊस पुष्कळदा रीस्टार्ट केल्याशिवाय हलत नाही. मग एवढा धोका घेऊन मिळवलं काय?

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचं एलपीटी पोर्ट (पीसीमागचं रुंद पॅरलल सॉकेट) याहून नाजूक, कारण तिथे विजेवर चालणारी दोन यंत्रं जोडली जातात. अर्थिंग धड नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तोच गळका करंट केबल लावताना पोर्टच्या चिपमधून जाऊ शकतो. दोन्ही यंत्रं बंद करूनच केबल लावा.

स्लीपला ‘बंद’ समजू नका. स्लीपमध्ये, आणि एटीएक्स मशीनवर (म्हणजे विंडोजमधून शटडाऊन केलं की आपोआप बंद होणाऱ्या पीसीवर) शटडाऊननंतरही, 5 व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा सुरूच असतो. काही मदरबोर्डवर तो पीएस/२लाही मिळतो. भिंतीवरचं बटण बंद करा, आणि मध्ये यूपीएस असेल तर तोही. यूएसबीला स्लीपमध्ये विजेची भीती नाही, पण झोपलेल्या मशीनचा पेन ड्राइव्ह उपसून दुसरीकडे फाइली बदलल्या आणि परत खोचला, तर डेटा बिघडू शकतो.

आता विकत काय घ्यायचं? की-बोर्ड-माऊस सारखे बदलावे लागत असतील तर यूएसबीचेच घ्या. फक्त एक पीएस/२ की-बोर्ड कपाटात ठेवा, काही जुन्या बायोसला (पीसी सुरू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमला) यूएसबीचा दिसत नाही. यूएसबी माऊस पीएस/२मध्ये बसवणारा छोटा हिरवा कन्व्हर्टर लावला म्हणून पीएस/२ सॉकेट सुरक्षित होत नाही; शिवाय दोन्ही भाषा जाणणाऱ्या माऊसलाच तो चालतो.

प्रिंटरचं मात्र उलटं. बिलिंग डॉसवर (विंडोजच्या आधीच्या सिस्टीमवर) असेल तर एलपीटी सोडू नका. यूएसबी-पॅरलल केबल विंडोजला यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते, आणि डॉसचा प्रोग्रॅम एलपीटी१ शोधत बसतो. प्रिंटर शेअर करून ‘नेट यूज’ कमांडने एलपीटी१ तिकडे वळवता येतं, पण ते जमवून देणारं कोणी हाताशी असेल तरच त्या वाटेला जा.