जोडव्यवसाय लपवल्याचा ठपका : खासगी मोटार विम्याच्या दावासेवेचे परीक्षण

हे परीक्षण एका खासगी मोटारीच्या सर्वसमावेशक विमा पॉलिसीचे आणि प्रामुख्याने तिच्या दावासेवेचे आहे. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण ज्या कलमावर माझा दावा अडला ते कलम आपल्याकडील बहुतेक सर्व कंपन्यांच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत जवळजवळ त्याच शब्दांत छापलेले असते आणि कुडाळ, मालवण, देवगड, रत्नागिरी, गुहागर अशा पट्ट्यात राहणाऱ्या, नोकरी सांभाळून आणखी काहीतरी करणाऱ्या प्रत्येक गाडीमालकाचा त्याच्याशी संबंध येऊ शकतो.

मी कुडाळ तालुक्यात एका पतसंस्थेत नोकरी करतो आणि गेली बावीस वर्षे आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. गणपतीच्या दिवसांत डबलबारीची, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याची, निमंत्रणे येतात. मंडळाला मानधन मिळते, त्यातून वाद्यांची डागडुजी आणि जेवणखाण वजा जाता प्रत्येकाच्या वाट्याला पाचशे-सहाशे रुपये येतात. सप्टेंबर २०२४ मध्ये आचऱ्याकडील एक बारी आटोपून आम्ही पाच जण माझ्या सात आसनी गाडीने रात्री दोनच्या सुमारास परतत होतो. पाऊस होता, वळणावर रस्त्यात गुरे बसलेली होती, त्यांना चुकवताना गाडी डाव्या बाजूच्या चिऱ्याच्या गडग्यावर आपटली. कोणालाही गंभीर दुखापत झाली नाही, मात्र पुढची बाजू, रेडिएटर आणि डावे दार निकामी झाले. गॅरेजने १,४२,६०० रुपयांचे अंदाजपत्रक दिले.

प्रारंभीच्या सेवेबद्दल तक्रार करण्याजोगे काही नाही. सकाळी टोल-फ्री क्रमांकावर कळवताच दाव्याचा क्रमांक मिळाला, दुसऱ्या दिवशी नुकसानीचे मूल्यांकन करणारे सर्वेअर आले आणि त्यांनी समजूतदारपणे पाहणी केली. गाडी चौथ्या वर्षात असल्यामुळे धातूच्या भागांवर २५ टक्के, प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा (जुनेपणामुळे धरलेली किमतीतील घट), काचेवर काहीही नाही, शिवाय पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची १,००० रुपयांची वजावट, म्हणजे मालकाने स्वतः सोसायची रक्कम, हे सारे त्यांनी कागदावर मांडून दाखवले. सक्तीची वजावट धरण्यापूर्वी त्यांचे मूल्यांकन ९६,८०० रुपयांचे झाले आणि ते मला मान्य होते.

अडचण त्यानंतर सुरू झाली. पंधरा दिवसांनी कंपनीने नेमलेले एक तपासनीस गॅरेजमध्ये आले. मागच्या सीटवर पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावलेल्या कणकेचे वाळलेले तुकडे पडले होते, त्यांचे त्यांनी अगदी जवळून तीन फोटो काढले. मग विचारले, "बारीचे किती घेता?" मी सरळ उत्तर दिले. "सोबत असलेले पेट्रोलचे पैसे देतात का?" कधीकधी शंभर-शंभर रुपये काढतात, असेही मी सांगितले, कारण त्यात लपवण्यासारखे काही आहे असे माझ्या मनातही आले नव्हते. त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक जबाब लिहून माझ्यासमोर ठेवला. गॅरेजमालक मला बाजूने म्हणाले होते, "बुवानू, सही करूच्या आदी सगळा नीट वाचून घेवा." मी घाईत वरवर वाचून सही केली. नंतर प्रत मागवून वाचली तेव्हा त्यात वाक्य होते: "सदर गाडी मी भजनाच्या व्यवसायासाठी वापरतो व सहकाऱ्यांकडून प्रवासखर्च घेतो." मी बोललेल्या प्रत्येक गोष्टीला त्या वाक्यात जागा होती आणि तरीही ते वाक्य माझे नव्हते.

नोव्हेंबरमध्ये नामंजुरीचे पत्र आले. त्यात दोन कारणे होती. पहिले, विमा घेताना भरलेल्या प्रस्ताव अर्जात व्यवसायाच्या रकान्यात फक्त "नोकरी" असे लिहून भजनी कलाकार म्हणून मिळणारे उत्पन्न दडवले. दुसरे, गाडी भाड्याने अथवा मोबदल्यासाठी वापरली.

या दोन कारणांचा वेगवेगळा विचार करावा लागतो आणि माझ्या मते कंपनीने नेमके तेच टाळले. विम्याचा करार परस्परांवरील पूर्ण विश्वासावर उभा असतो, हे मला मान्य आहे. जोखीम स्वीकारायची की नाही आणि हप्ता किती लावायचा यावर ज्या गोष्टीचा परिणाम होतो ती विमा घेणाऱ्याने सांगितलीच पाहिजे. पण आपल्याकडे खासगी गाडीच्या हप्त्याची रूढ चौकट कशावर उभी आहे, ते पाहावे. गाडीची जाहीर किंमत म्हणजे आयडीव्ही, इंजिनाची क्षमता, गाडीचे वय आणि नोंदणीचा विभाग यांवर ती उभी आहे. मुंबई, पुणे, दिल्ली, बेंगळुरू, चेन्नई, कोलकाता, हैदराबाद आणि अहमदाबाद ही शहरे 'अ' विभागात आणि आमचा सिंधुदुर्ग 'ब' विभागात. या चौकटीत पखवाज वाजवणाऱ्यासाठी वेगळा दर कोठेही नाही. माझ्या अर्जात व्यवसायापुढे एकच पर्याय निवडण्याची सोय होती, जोडव्यवसाय किंवा छंद यांबद्दल एकही प्रश्न नव्हता आणि तो अर्ज शोरूममधील प्रतिनिधीने संगणकावर स्वतः भरला होता. विचारलेल्या प्रश्नाचे खोटे उत्तर देणे हा दोष आहे. न विचारलेल्या आणि हप्त्यावर परिणाम न करणाऱ्या गोष्टीबद्दल गप्प राहणे याला लपवणे म्हणता येत नाही.

माझा भाचा इंग्लंडमध्ये राहतो. तेथे मोटार विमा घेताना मुख्य व्यवसायाबरोबर अर्धवेळ कामही स्पष्टपणे विचारले जाते आणि त्याचा हप्त्यावर परिणाम होतो, त्यामुळे तेथे अशा वादांना आधार असतो. तरीही २०१२ च्या कायद्याने तेथील सामान्य ग्राहकावर आपणहून सर्व काही सांगत बसण्याची जबाबदारी ठेवलेली नाही; विचारलेल्या प्रश्नांची वाजवी काळजी घेऊन खरी उत्तरे देणे एवढेच त्याचे कर्तव्य आहे. जेथे व्यवसायावर हप्ता ठरतो तेथे प्रश्न विचारणे कंपनीचे काम मानले जाते, तर जेथे तो ठरत नाही तेथे न विचारलेल्या प्रश्नावर दावा फेटाळणे मला अन्यायकारक वाटते.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादांचे कलम असते. भाडे किंवा मोबदला घेऊन वापर, नमुने व वैयक्तिक सामान वगळता मालवाहतूक, आयोजित शर्यती, वेगाच्या आणि विश्वासार्हतेच्या चाचण्या, तसेच मोटारींच्या व्यापाराशी संबंधित वापर यांना त्यात संरक्षण नाही. हे कलम मी योग्यच मानतो. आमच्याकडे न्याहारी-निवास चालवणारे अनेक जण कुडाळ किंवा सावंतवाडी स्थानकावरून पर्यटकांना पांढऱ्या पाटीच्या गाडीतून आणतात आणि खोलीच्या बिलात गाडीचे पैसे वेगळे लावतात. एप्रिल-मे महिन्यांत सीट आडव्या करून, पेंढ्यात भरलेल्या हापूसच्या चाळीस पेट्या कोल्हापूरला पोहोचवून विकणारेही आहेत. हा वापर खासगी नव्हे. त्यासाठी परवाना आणि व्यावसायिक विमा घ्यावा लागतो, आणि तो न घेता दावा मागणाऱ्याची बाजू मला घेता येणार नाही, मग तो माझा शेजारी असला तरी.

मात्र मित्रांनी पेट्रोलसाठी काढलेले शंभर रुपये म्हणजे भाडे नव्हे. मानधन वाजवण्याचे होते, गाडीचे नव्हते. आयोजकांनी गाडी ठरवली नव्हती आणि मी बसने गेलो असतो तरी माझ्या वाट्याला तेवढेच पैसे आले असते. अपघाताच्या क्षणी गाडी तिच्या मालकाला आणि त्याच्या मित्रांना घरी घेऊन जात होती. दाव्याचा विचार करताना पाहायचे ते एवढेच.

वकिलाकडे जाण्यापूर्वी मी सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल वाचले, कारण पतसंस्थेतील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ते सुचवले. २००८ मध्ये, खासगी पॉलिसी असलेली पण प्रवासी वाहतुकीला वापरली जाणारी गाडी चोरीला गेल्याच्या प्रकरणात न्यायालयाने दाव्याच्या ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेश कायम ठेवला. २०१० मध्ये, भाड्याने वापरलेल्या गाडीच्या अपघातातही दावा सरसकट फेटाळणे योग्य नाही असे सांगून काही रक्कम देवविली. म्हणजे अटीचा भंग सिद्ध झाला तरी दावा शून्यावर आणता येतोच असे नाही, आणि माझ्या बाबतीत तर भंगच झालेला नव्हता. कंपनीच्या नामंजुरी पत्रात या शक्यतेचा उल्लेखही नव्हता. दाव्याची सेवा मोजताना माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

यापुढे जी सेवा मिळाली तिचे कौतुक केले पाहिजे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार केली, एक महिना वाट पाहिली, समाधानकारक उत्तर आले नाही म्हणून जानेवारी २०२५ मध्ये विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाकडे ऑनलाइन अर्ज केला. शुल्क लागत नाही, वकील लागत नाही, किंबहुना वकिलाला परवानगीच नाही, आणि ५० लाख रुपयांपर्यंतचे दावे तेथे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरानंतर एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, हे मात्र विसरू नये. मी प्रस्ताव अर्जाची प्रत, सर्वेअरचा अहवाल, आयोजक मंडळाचे मानधन फक्त वादनाचे असल्याचे पत्र आणि चारही सहप्रवाशांची निवेदने जोडली. प्रस्ताव अर्जाची प्रत विमाधारकाला विनामूल्य मिळालीच पाहिजे असा नियम असल्यामुळे ती मागताना संकोच करू नये. माझ्या प्रकरणात तोच कागद सर्वांत उपयोगी ठरला.

सुनावणी व्हिडिओवर झाली. मी पतसंस्थेच्या मागच्या खोलीत बसलो होतो. कंपनीच्या प्रतिनिधींना एकच प्रश्न विचारला गेला: अर्जातील कोणत्या प्रश्नाचे उत्तर चुकीचे आहे, ते दाखवा. त्यांनी अर्ज दोनदा चाळला आणि जबाबाकडे बोट दाखवले. जबाब अपघातानंतरचा आहे, अर्जाबद्दल बोला, असे त्यांना सांगण्यात आले. मला माझे म्हणणे शेवटपर्यंत मांडू दिले गेले, आणि गेल्या आठ महिन्यांत तसे प्रथमच घडत होते. मे महिन्यात निर्णय आला. सर्वेअरच्या मूल्यांकनातून सक्तीची वजावट काढून ९५,८०० रुपये देण्याचा आदेश झाला आणि तीस दिवसांच्या मुदतीत ते खात्यात जमा झाले.

विक्री आणि पहिली पाहणी यांसाठी मी या पॉलिसीला पाचपैकी चार गुण देईन, तपास आणि नामंजुरी यांसाठी एक. दाव्यामुळे माझा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, पुढच्या नूतनीकरणात शून्य होणार होताच, ते नियमाप्रमाणे आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. आठ महिने गाडीच्या दुरुस्तीचे पैसे पतपेढीतून कर्जाऊ घेऊन भरले, त्याचे व्याज मात्र कोणीही दिले नाही. ज्यांना जबाब द्यावा लागेल त्यांनी तो आपल्या अक्षरात लिहावा, प्रत्येक पानाचा फोटो घ्यावा, आणि "व्यवसाय", "खर्च", "भाडे" यांपैकी आपण न उच्चारलेला शब्द दिसल्यास तेथेच खोडायला लावून शेजारी सही करावी. मी हे केले असते तर प्रकरण कदाचित गॅरेजमध्येच मिटले असते.

नोव्हेंबर २०२५ चे नूतनीकरण दुसऱ्या कंपनीकडे केले. पैसे भरण्यापूर्वी त्यांना ई-मेल पाठवला: "मी नोकरी करतो, मंडळात पखवाज वाजवतो, त्याचे मानधन मिळते, वाद्ये आणि सहकारी कधीकधी याच गाडीतून नेतो, त्यासाठी भाडे घेत नाही." चौथ्या दिवशी उत्तर आले की हा वापर खासगी समजला जाईल. त्या उत्तराची छापील प्रत आता गाडीच्या कप्प्यात आर. सी. आणि पीयूसीच्या शेजारी ठेवलेली आहे.